सीडी प्लेअर दुरुस्त करावा की बदलावा?
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

सीडी प्लेअर बिघडला की दुरुस्तीच्या दुकानात बहुतेक वेळा दोनपैकी एक उत्तर मिळते: "हेड गेलंय" (हेड म्हणजे लेसर आणि लेन्स असलेला, सीडी वाचणारा भाग) किंवा "आता पार्ट येत नाहीत". कधी ते खरे असते, पण पुष्कळदा यंत्र न उघडताच दिलेले असते. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच याच विषयावर आहेत, म्हणून सगळी जागा त्यांना दिली आहे. यंत्राचे वय, कंपनी आणि किंमत यांचा विचार नंतर करा, आधी नेमका कोणता भाग गेला ते शोधा. दुरुस्ती की खरेदी, हे त्या भागावरून ठरते.

प्रश्न : आमच्याकडे वीस-बावीस वर्षांपूर्वीचा सोनीचा सीडी प्लेअर आहे. दिवाळीपासून सीडी घातली की आत थोडी खुडबुड होते आणि 'नो डिस्क' असे दिसते. दुरुस्तीवाले म्हणतात, हेड गेले, नवाच घ्या. बाकी यंत्र उत्तम आहे. काय करावे?
(सदाशिव पेठ)

उत्तर : 'नो डिस्क' या एका संदेशामागे निदान पाच कारणे असू शकतात आणि हेडवर ठपका सर्वांत शेवटी ठेवायचा असतो.

आधी प्लेअर सीडी कशी ओळखतो ते पाहा. ट्रे आत गेला की लेन्सची गाडी सीडीच्या मध्याकडे सरकते आणि तिथल्या चिमुकल्या स्विचला टेकून थांबते. मग लेन्स दोन-तीनदा वरखाली होते आणि त्याच वेळी लेसर पेटतो. सीडीवरून परतलेला प्रकाश पुरेसा मिळाला, म्हणजे फोकस लागला, की मोटर सीडी फिरवू लागते. सीडी आतून बाहेर वाचली जाते आणि तिची अनुक्रमणिका सर्वांत आतल्या कड्यात असते. ती वाचता आली नाही की यंत्र 'नो डिस्क' म्हणून मोकळे होते. या क्रमात गाडी कुठे अडते, हे झाकण काढून पाहिले तर बहुतेक वेळा डोळ्यांनीच कळते.

प्लगमधून वायर काढा, झाकणाचे स्क्रू सोडवा आणि झाकण बाजूला ठेवून वायर पुन्हा लावा. मागच्या वायरीपासून ट्रान्सफॉर्मरपर्यंतच्या भागात २३० व्होल्ट उघडे असतात. यंत्र चालू असताना तिकडे बोट जाता कामा नये. दुसरी काळजी डोळ्यांची. सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटरचा, म्हणजे अवरक्त असतो. तो डोळ्यांना जेमतेम दिसतो, पण इजा करू शकतो. लेन्सवर वाकून पाहू नका, बाजूने फूटभर अंतरावरून पाहा. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहणे अधिक चांगले. आधी टीव्हीच्या रिमोटचा दिवा त्या कॅमेऱ्यात दिसतो का ते तपासा. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही, तर बहुधा पुढच्यात दिसेल.

आता ट्रे रिकामाच आत घ्या. गाडी मध्याकडे गेली नाही किंवा तिथे पोहोचून कटकट करत राहिली, तर दोष आतल्या स्विचमध्ये, गिअरमध्ये किंवा घट्ट झालेल्या ग्रीसमध्ये आहे. लेन्स वरखाली झालीच नाही, तर फ्लॅट केबल (हेडला बोर्डाशी जोडणारी पट्टीसारखी वायर) किंवा मोटर-कॉइल चालवणारी आयसी तपासावी लागेल. लेन्स हलते पण प्रकाश दिसत नाही, तेव्हा लेसरवर संशय घ्यायला जागा आहे. त्यातही आधी फ्लॅट केबल काढून तिची टोके पुसून पुन्हा बसवायची. प्रकाश दिसतो, लेन्स हलते, पण सीडी घातल्यावर ती फिरत नाही किंवा अर्धवट फिरून थांबते, असे असेल तर लेन्स मळली आहे, लेसर मंद झाला आहे किंवा सीडी फिरवणारी मोटर थकली आहे. तुमच्या वर्णनावरून तुमचे यंत्र या शेवटच्या गटात मोडते.

पहिला उपाय लेन्स पुसण्याचा. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. कानात घालायच्या कापसाच्या काडीला एक थेंब लावा, काडी ओलीचिंब करू नका. लेन्स अतिशय बारीक पट्ट्यांवर तरंगत असते, म्हणून काडीचे वजनही न टाकता तीन-चार वेळा गोल फिरवा. मग कोरडी काडी एकदा फिरवून पाच मिनिटे थांबा. ॲसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर किंवा काचा पुसायचे द्रव वापरू नका. बऱ्याच लेन्स प्लास्टिकच्या असतात, त्या कायमच्या धुरकट होतात. तोंडाने फुंकरही नको, थुंकीचे कण बसतात. कॅमेऱ्यासाठी रबरी फुगा मिळतो, तो वापरा. पुण्यातल्या घरांत एक गोष्ट वारंवार दिसते: सकाळच्या अभंगांसाठी प्लेअर देवघराजवळ ठेवलेला असतो आणि उदबत्ती-धुपाचा धूर रोज आत जातो. तो लेन्सवर तेलकट थर होऊन बसतो. नुसत्या फुग्याच्या हवेने तो जात नाही, अल्कोहोलच लागते. हाच थर लेन्सच्या खाली आतल्या आरशावर बसला असेल, तर बाहेरून पुसून फरक पडणार नाही.

पुसूनही फरक नाही, तर मोटर तपासायची. वायर काढून ठेवा, मोटरचे कनेक्टर सोडवा, मल्टिमीटर २०० ओहमच्या रेंजवर लावा आणि थाळी, म्हणजे सीडी जिच्यावर बसते ती चकती, बोटाने अगदी सावकाश फिरवा. साधारण १० ते ३० ओहमच्या दरम्यान आकडा थोडा इकडेतिकडे झाला तर ठीक. एखाद्या कोनात तो एकदम शंभराच्या वर उडाला किंवा सर्किट तुटल्यासारखे दिसले, तर मोटरचे ब्रश झिजले आहेत. अशा यंत्रात सीडी कधी चालते, कधी चालत नाही. थाळी हाताने थोडी फिरवून दिली की चालते. मोटर बदलताना जुनी थाळी दट्ट्यासारखी खेचून काढण्याआधी तिची उंची व्हर्निअर कॅलिपरने मोजून लिहून ठेवा. नवी बसवताना अर्ध्या मिलिमीटरची चूकही फोकस बिघडवायला पुरते. 'हेड बदलूनही चालले नाही' अशा कित्येक तक्रारींच्या मुळाशी ही उंची असते.

मोटर ठीक निघाली तर मात्र हेड. यंत्राच्या आत त्याचा क्रमांक छापलेला असतो. त्या काळातल्या सोनीच्या कित्येक मॉडेलांत केएसएस-२१३ मालिकेचे हेड असते. ते इतक्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांत वापरले गेले की त्याच्या नकला आजही सहज मिळतात आणि किंमत काही शे रुपयांत असते. बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या परिसरात 'लेन्स' म्हणून मागितले तरी पूर्ण हेडच देतात. क्रमांकाच्या शेवटचे अक्षरही लिहून न्या, बी आणि सी एक समजू नका. सॅन्योचे एसएफ-पी१०१एन असेल तर १५ पिनचे की १६ पिनचे तेही पाहा, दोन्ही प्रकार आहेत. मोटर-गिअरसकट अख्खी यंत्रणा मिळत असेल, तर ती घेणे शहाणपणाचे. केएसएम-२१३ हा अशाच जोडणीचा क्रमांक आहे. तिच्यात थाळीची उंची आधीच जुळवलेली असते.

नव्या हेडवर लेसरचे स्थिर विजेपासून रक्षण करण्यासाठी सोल्डरचा एक ठिपका दोन टोके जोडून ठेवतो. फ्लॅट केबल बसवून झाल्यावर तो ठिपका उचलायचा असतो. आधी उचलला तर बोटातल्या स्थिर विजेने लेसर जाऊ शकतो, उचललाच नाही तर लेसर पेटतच नाही आणि नवे हेड 'डिफेक्टिव्ह' म्हणून दुकानात परत जाते. काम दुसऱ्याला देणार असाल, तर हे आठवणीने विचारा.

हेडवरचा इवलासा स्क्रूसारखा प्रीसेट फिरवून जुना लेसर 'वाढवून' देण्याची तयारी कुणी दाखवली, तर नको म्हणा. त्याने लेसरमधला प्रवाह वाढतो, सीडी काही आठवडे वाजते आणि मग लेसर पुरता जातो. लेसर थकला आहे का, हे ऑसिलोस्कोपवर आरएफ सिग्नल, म्हणजे हेडकडून येणारा कच्चा सिग्नल, पाहून ठरवतात. सोनीच्या अनेक मॉडेलांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये तो १ व्होल्टच्या आसपास असावा असे दिलेले असते. ज्या कारागिराकडे हा तपास होतो, त्याला काम निर्धास्तपणे द्या.

तुमच्या प्रश्नाचे थेट उत्तर: हा प्लेअर दुरुस्त करा.

प्रश्न : ट्रे उघडत नाही. बटण दाबले की आत मोटरचा आवाज येतो. सुरीने थोडे उचकटले तर बाहेर येतो. प्लेअर टाकून द्यायची वेळ आली का?
(कोथरूड)

उत्तर : मुळीच नाही. ट्रेचा रबरी बेल्ट सैल झाला आहे आणि याहून स्वस्त दुरुस्ती सीडी प्लेअरमध्ये दुसरी नाही. सुरी मात्र लगेच थांबवा. ट्रेच्या कडेची दातेरी पट्टी तुटली तर ती कुठे मिळत नाही.

ट्रेच्या पुढच्या भागात, पट्टीखाली दोन पुली आणि त्यांवर चौकोनी छेदाचा पातळ बेल्ट दिसेल. पुली हाताने फिरवून ट्रे बाहेर घ्या. जुना बेल्ट नमुना म्हणून नेला तर दुकानदार त्याच मापाचा देतो आणि तिथेच फसगत होते, कारण जुना ताणून मोठा झालेला असतो. दोन्ही पुलींभोवती दोरा गुंडाळून लांबी मोजा आणि परीघ त्याहून ५ ते १० टक्के कमी असलेला बेल्ट घ्या. परिघाला ३.१४ ने भागले की व्यास मिळतो, दुकानात माप व्यासातच सांगतात. फार घट्ट बसवला तर मोटरचे बेअरिंग खराब होते आणि ट्रे अर्ध्यात अडतो. जुना बेल्ट विरघळून काळा चिकट झाला असेल तर हातमोजे घाला, तो डाग लवकर जात नाही. पुली अल्कोहोलने कोरड्या होईपर्यंत पुसा. जुना बेल्ट गरम पाण्यात टाकून आवळण्याचा उपाय बरेच जण करतात, पण तो थोडे दिवसच टिकतो.

ट्रे आत जाऊन लगेच पुन्हा बाहेर येत असेल, तर बेल्टला दोष देऊ नका. ट्रे बंद झाल्याची खबर देणारा स्विच काळवंडला आहे. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून तो दहा-पंधरा वेळा दाबला की बहुधा पुरते.

प्रश्न : आमच्याकडे कुठलीही सीडी लावली तरी साधारण चाळिसाव्या मिनिटाला अडखळते. लेन्स दोनदा पुसून झाली.
(सिंहगड रस्ता)

उत्तर : 'कुठलीही सीडी' आणि 'तेच मिनिट' ही जोडी फार मोलाची आहे. एकाच सीडीवर एकाच जागी अडत असेल तर दोष सीडीचा. सगळ्या सीडी त्याच जागी अडतात तेव्हा दोष यंत्राच्या त्या जागेत असतो. ७४ मिनिटांच्या सीडीत चाळिसाव्या मिनिटाला लेन्स मध्यापासून सुमारे साडेचार सेंटिमीटरवर असते. वायर काढा, गिअर हाताने फिरवत गाडी तिथपर्यंत न्या आणि भिंगातून पाहा: गिअरचा दात तुटला आहे का, दातांत केस किंवा धुळीचा गोळा आहे का, रुळावरचे ग्रीस सुकून मेणासारखे झाले आहे का. ग्रीस सुकल्यावर गाडी सरकण्याऐवजी अडते, मग एकदम उडी मारते. आपल्याला ते गाणे पुढे गेल्यासारखे ऐकू येते.

जुने ग्रीस अल्कोहोलने पूर्ण काढा आणि प्लास्टिकला चालणारे पांढरे ग्रीस अगदी पातळ थराने लावा. तांदळाच्या दाण्याएवढे सगळ्या रुळाला पुरते. शिलाई मशीनचे तेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे मारू नका, ते ओघळून लेन्सपर्यंत जाते.

गिअर आणि ग्रीस ठीक असतील तर फ्लॅट केबल. गाडीबरोबर ती हजारो वेळा वाकते आणि ठरावीक वळणावर आतली तार तुटते. नवी घेताना तारांची संख्या, दोन तारांमधले अंतर, लांबी आणि दोन्ही टोकांचे उघडे कॉन्टॅक्ट एकाच बाजूला आहेत की विरुद्ध बाजूंना, या चारही गोष्टी जुळल्या पाहिजेत.

याच्या उलट, पहिली एक-दोन गाणी अडखळतात आणि पुढची सुरळीत वाजतात, असे ज्यांच्याकडे होते त्यांनी मोटर तपासावी. सीडी आतल्या कड्याला मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते आणि बाहेरच्या कडेला सुमारे २००. थकलेल्या मोटरला सुरुवातीचा वेग झेपत नाही.

प्रश्न : विकतच्या सीडी वाजतात, मुलाने घरी तयार करून दिलेली वाजत नाही. प्लेअर खराब झाला का?
(धनकवडी)

उत्तर : मुलाला आधी विचारा की सीडीवर एमपी३ फाइल्स टाकल्या की 'ऑडिओ सीडी' म्हणून तयार केली. जुना प्लेअर एमपी३ वाचत नाही, त्यात बिघाड काही नाही. ऑडिओ सीडी असूनही वाजत नसेल आणि पूर्वी अशा सीडी वाजत असतील, तर लेसर मंद होऊ लागल्याची ही पहिली खूण आहे. सीडी-आरचा पृष्ठभाग छापील सीडीपेक्षा थोडा कमी प्रकाश परतवतो आणि सीडी-आरडब्ल्यूचा तर फारच कमी. सीडी-आरडब्ल्यू १९९० च्या आसपासच्या प्लेअरवर मुळातच चालत नाही. लेन्स पुसून पाहा आणि हेडचा क्रमांक आताच टिपून ठेवा.

प्रश्न : सासऱ्यांचा १९८९ सालचा फिलिप्सचा प्लेअर आहे. त्याचा आवाज त्यांना फार प्रिय. आता सीडी फिरते, थांबते, पुन्हा फिरते. एका कारागिराने हात लावायलाच नकार दिला. आमचे हे म्हणतात, नवा घेऊन देऊ. त्यांचे मन मोडवत नाही.
(औंध)

उत्तर : सासऱ्यांचा आग्रह रास्त आहे. फिलिप्सच्या त्या काळातल्या यंत्रांत गाडी आणि रूळ नसतात, लेन्स एका झुलत्या दांडीच्या टोकाला असते. गिअर झिजण्याचा, ग्रीस सुकण्याचा प्रश्नच येत नाही. त्यांपैकी बऱ्याच यंत्रांत टीडीए१५४१ ही १६ बिटची डॅक चिप (सीडीवरच्या आकड्यांचे आवाजात रूपांतर करणारी) आहे, जिच्या आवाजावर आजही लोक जीव टाकतात.

पण अडचणही तिथेच आहे. सीडीएम-४ सारख्या त्या झुलत्या यंत्रणा आता बनत नाहीत. मिळतो तो दुसऱ्या जुन्या यंत्रातून काढलेला सुटा भाग, आणि त्याचा लेसर तुमच्या लेसरइतकाच वापरलेला असू शकतो. म्हणून लेसर गेला असे मानण्याआधी बाकीचे सगळे नीट करून घ्यायचे.

पस्तीस वर्षांच्या यंत्रात पहिला संशय इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर घ्यायचा. आतले द्रव सुकते, कपॅसिटन्स घटते, आतला अडथळा म्हणजे ईएसआर वाढतो आणि फोकस-ट्रॅकिंग सांभाळणाऱ्या सर्किटला, म्हणजे सर्व्होला, स्वच्छ वीज मिळत नाही. सीडी फिरणे, थांबणे, पुन्हा फिरणे हे त्यात अगदी बसते. पॉवर सप्लाय आणि सर्व्हो बोर्ड या दोन ठिकाणचे कपॅसिटर आधी बदलून घ्या. मायक्रोफॅरड तेच, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, तापमान १०५ अंशांचे, पोलॅरिटी जुन्याप्रमाणे. सगळे एकदम काढू नयेत, एक काढायचा, एक बसवायचा. त्याच वेळी व्होल्टेज रेग्युलेटरच्या आणि कनेक्टरच्या पायांचे सोल्डरचे डाग भिंगाखाली पाहून पुन्हा द्यावेत. उष्णतेने तिथे गोल तडे जातात आणि यंत्र गरम झाल्यावर बंद पडते. दांडी बोटाने अगदी हलके ढकलून ती दोन्ही टोकांपर्यंत सहज झुलते का तेही पाहावे.

इथे मजुरी सुट्या भागांहून कितीतरी जास्त लागेल आणि ती द्यावी, कारण हे काही तासांचे बारीक काम आहे. एवढे करून आरएफ सिग्नल दुबळाच निघाला, तर लेसर संपला. खात्रीचा सुटा भाग हातात आल्याशिवाय त्यापुढे खर्च करू नका. आमच्या मते त्या वेळी नवा प्लेअर घ्यावा आणि हा जपून ठेवावा, कारण दाता म्हणून दुसरे यंत्र कधी समोर येईल ते सांगता येत नाही.

प्रश्न : भावाने जपानहून प्लेअर आणला. मागे १०० व्होल्ट लिहिले आहे. साधा कन्व्हर्टर चालेल का?
(बाणेर)

उत्तर : प्रवासात वापरतात तो हलका, ट्रान्सफॉर्मर नसलेला कन्व्हर्टर लावू नका. तो केस वाळवण्याच्या यंत्रासारख्या उपकरणांसाठी असतो. २३० वरून १०० व्होल्ट देणारा ट्रान्सफॉर्मर घ्या. प्लेअरला १० ते २० वॅटच लागतात, तरी ५० व्हीएचा घ्यावा, म्हणजे तापत नाही. अमेरिकी उपकरणांसाठीचा ११० किंवा १२० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर चालवू नका, आतले रेग्युलेटर विनाकारण गरम होतात. ५० हर्ट्झची चिंता नको, सीडी फिरण्याचा वेग क्रिस्टलवर ठरतो, मेनच्या विजेवर नाही. चुकून थेट २३० व्होल्टला जोडला गेला असेल तर फ्यूज आणि ट्रान्सफॉर्मर पाहा. ट्रान्सफॉर्मरचे प्रायमरी वाइंडिंग जळले असेल, तर त्याच्या सेकंडरी व्होल्टेजचा २३० व्होल्टवर चालणारा ट्रान्सफॉर्मर बसवून घेता येतो आणि मग बाहेरचा डबा लागतही नाही.

प्रश्न : 'प्ले' दाबले की 'स्टॉप' होते, 'नेक्स्ट' दाबले की ट्रे उघडतो. रिमोटने सगळे ठीक चालते.
(हडपसर)

उत्तर : बरीचशी बटणे एकाच तारेवर वेगवेगळ्या रेझिस्टरांतून जोडलेली असतात आणि किती ओहम आले त्यावरून यंत्र बटण ओळखते. स्विच आतून काळवंडला की त्याचे ओहम वाढतात आणि भलतेच बटण दाबले गेल्यासारखे होते. ६ गुणिले ६ मिलिमीटरचे टॅक्ट स्विच बदलून घ्या, दांड्याची उंची तेवढी जुळवा. बदलायचे तर सगळे एकदम बदला. यासाठी प्लेअर बदलू नका.

प्रश्न : घर बदलले, सामान नीट बांधून आणले, तरी नव्या घरात प्लेअर चालत नाही.
(चिंचवड)

उत्तर : यंत्र उलटे करून खाली पाहा. काही जुन्या प्लेअरांना वाहतुकीत लेन्स हलू नये म्हणून तळाशी लॉक स्क्रू असतो. बांधताना कुणी तो आवळला असेल तर सोडवा. नसेल, तर झाकण काढून वरची चुंबकी चकती, जी सीडीला थाळीवर दाबून धरते, जागेवर आहे का ते पाहा. धक्क्याने ती निसटते.

प्रश्न : दुरुस्ती करण्यात अर्थ नाही असे ठरले, तर आज पुण्यात काय घ्यावे? नवा, जुन्या बाजारातला की डीव्हीडी प्लेअर?
(कर्वेनगर)

उत्तर : आधी 'अर्थ नाही' कधी म्हणावे ते सांगतो. हेडचा क्रमांक बाजारातून नाहीसा झाला असेल, मुख्य आयसी किंवा डिस्प्ले गेला असेल, पाणी शिरून बोर्डाच्या पट्ट्या हिरव्या पडल्या असतील, किंवा दुरुस्तीचा खर्च त्याच दर्जाच्या चालू स्थितीतल्या जुन्या प्लेअरच्या निम्म्यावर जात असेल, तर थांबावे. म्युझिक सिस्टीममधल्या तीन सीडींच्या चेंजरबाबतही आम्ही सबुरीने घ्यायला सांगू. त्याच्या गिअरांची एकमेकांशी वेळ जुळवावी लागते आणि एक दात चुकला तरी सगळे अडते. त्या सिस्टीमला मागे 'ऑक्स' इनपुट असेल तर आतला चेंजर सोडून द्या आणि बाहेरून वेगळा प्लेअर जोडा. अँप्लिफायर आणि स्पीकर कामी येतात.

नवे प्लेअर अजून बनतात. यामाहाचा सीडी-एस३०३, डेननचा डीसीडी-६००एनई, मरांट्झचा सीडी६००७ ही त्यांतली परिचित नावे. किंमत पाच आकडी असते. घेण्याआधी सर्व्हिस कुठे होते आणि हेड मिळते का, हे लेखी विचारा.

डीव्हीडी प्लेअर हा स्वस्त आणि चांगला पर्याय आहे. मागे कोॲक्शियल किंवा ऑप्टिकल डिजिटल आउटपुट असलेला घेऊन वेगळ्या डॅकला जोडला, तर आवाजाबाबत तक्रार राहत नाही. दोन गोष्टी आधी तपासा. टीव्ही न लावता गाण्याचा क्रमांक समोर दिसतो का? आणि दोन ट्रॅकच्या मध्ये तो क्षणभर गप्प होतो का? शास्त्रीय संगीताच्या सीडीत आलाप आणि बंदिश वेगळे ट्रॅक असून गाणे अखंड असते. तिथे तो खंड फार खुपतो. अशी एखादी सीडी दुकानात घेऊनच जा.

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे वीज लावून पाहता येत नसेल तर भंगाराच्या भावाहून जास्त देऊ नका. वीज मिळाली तर तीन सीडी जवळ असू द्या: सत्तर मिनिटांहून मोठी एक छापील, एक घरी तयार केलेली आणि एक थोडी ओरखडलेली. अनुक्रमणिका दहा सेकंदांत यायला हवी. मोठ्या सीडीच्या शेवटच्या ट्रॅकवर थेट उडी मारा, मग पहिल्यावर परत या. वीस मिनिटे चालू ठेवून गरम होऊ द्या. हेडचा क्रमांक शोधा आणि तो मिळण्यासारखा असेल तरच पैसे काढा. नावाजलेल्या कंपनीपेक्षा मिळणारे हेड महत्त्वाचे.

कोणताही पर्याय घ्या, सीडींची प्रत संगणकावर करून ठेवा. विंडोजवर 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' हा मोफत प्रोग्रॅम चुका पुन्हा पुन्हा वाचून तपासतो. एफएलएसी या, आवाजातले काहीही न गाळता साठवणाऱ्या स्वरूपात एका सीडीला साधारण ३०० ते ४०० एमबी लागतात, म्हणजे शंभर सीडी ४० जीबीत मावतात.

प्रश्न : पावसाळ्यानंतर कपाटातल्या सीडींवर पांढरे ठिपके दिसले. त्यामुळे प्लेअर बिघडेल का? पुसायच्या कशा?
(शनिवार पेठ)

उत्तर : बुरशी आहे. प्लेअर लगेच बिघडणार नाही, पण सीडी धुतल्याशिवाय लावू नका. कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब टाका, बोटाच्या पेराने हलके चोळा, स्वच्छ पाण्याने धुवा आणि मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसा. गोल पुसू नका. ट्रॅक गोल जातो, त्यामुळे गोल ओरखडा बराच वेळ एकाच ट्रॅकवर राहतो. ट्रॅकच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतची खोट प्लेअर गणिताने भरून काढतो, त्यापुढे अंदाजाने भरतो आणि खोट फारच मोठी असेल तर आवाज तुटतो.

चमकत्या बाजूच्या ओरखड्यांना बरेच जण घाबरतात, पण खरी नाजूक बाजू छापील आहे. ॲल्युमिनियमचा थर तिथे लाखेच्या पातळ लेपाखालीच असतो. सीडी दिव्यासमोर धरा, टाचणीच्या टोकाएवढी भोके दिसली तर तेवढा मजकूर गेला, तो कशानेही परत येत नाही. त्या बाजूला बॉलपेनने लिहू नका, स्टिकर लावू नका. कागदी पुस्तिका ओल धरतात, त्या जून ते सप्टेंबर वेगळ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात. प्लेअर पावसाळ्यात आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू ठेवला तरी आतली ओल जाते.

प्रश्न : अगदी गेलेला प्लेअर कुठे द्यावा?
(येरवडा)

उत्तर : घरच्या कचऱ्यात नको. ई-कचऱ्याचे सध्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे किंवा सोसायटीत होणाऱ्या ई-कचरा संकलनात द्या. देण्याआधी रिमोट, ट्रान्सफॉर्मर, ट्रेची मोटर आणि गिअर, मागचे आरसीए सॉकेट काढून ठेवा, दुसऱ्या कुणाच्या यंत्राला लागतात. हेड चालू असेल तर तेही काढा, पण फ्लॅट केबल सोडवण्याआधी हेडवरची ती दोन टोके सोल्डरच्या ठिपक्याने पुन्हा जोडा. मग हेड स्थिर वीज रोखणाऱ्या पिशवीत घालून क्रमांकाची चिठ्ठी वर चिकटवा.